खतिबांचा उसना आवाज

सफिया बुरोंडकरला किसिमा बेटावर पाठवलं ते तिच्या हुशारीमुळे, असं दापोलीला बसलेल्या तिच्या अब्बांना वाटायचं, आणि ती त्यांना वाटू द्यायची. खरं कारण तिला मुलाखतीतच कळलं होतं. ‘सागरमैत्री निधी’चे संचालक सुहृद टिपणीस तिची फाइल मिटत म्हणाले होते, “डॉक्टर, साथीच्या रोगांवर काम केलेली माणसं आमच्याकडे ढिगानं आहेत. पण मशिदीच्या अंगणात जाऊन बसली तर कुणी वळून बघणार नाही, अशी तुम्ही एकच.”

आता ही सागरमैत्री म्हणजे काय, ते सांगायला हवं. आपल्यासह चार-पाच देशांनी मिळून काढलेली संस्था. हिंदी महासागरातल्या छोट्या-छोट्या देशांना दवाखाने, विहिरी, शाळा बांधून द्यायच्या आणि त्यांची दोस्ती आपल्याकडे राखायची, असा सरळ हिशेब. अडचण एवढीच की हाच उद्योग दुसरं एक श्रीमंत राष्ट्रही करत होतं, आणि ते दवाखान्याच्या आधी मशीद बांधून द्यायचं. संगमरवरी, झुंबरासकट. टिपणीसांनी त्याचा धसका घेतला होता. “ते लोकांच्या देवापर्यंत पोचलेत आणि आपण अजून गटारं मोजतोय,” असं ते प्रत्येक मीटिंगमध्ये म्हणायचे.

त्यावर उतारा म्हणून त्यांनी ‘साद’ आणलं.

‘साद’ म्हणजे लोखंडी पेटी नव्हे, पडद्यावर चालणारी एक यंत्रणा. तिचं अर्धं काम आवाजाचं. माणसाचं दोन-तीन दुपारचं बोलणं तिला ऐकवलं, की त्याचा श्वास, त्याचं अडखळणं, पडलेल्या दातातून निसटणारा ‘स’, सगळं ती उचलायची. यात नवीन काही नव्हतं, असली खेळणी तोवर पोरांच्या हातात आली होती. नवीन होता तो दुसरा अर्धा भाग, आणि तो कानाचा होता. माणूस कुणाचा फोन पहिल्या घंटीला उचलतो, कुणाचा निरोप दोनदा ऐकतो, कुठल्या वाक्यावर थांबतो आणि कुठलं अर्ध्यात तोडतो, हे सगळं गोळा करून ‘साद’ सांगायचं, की हे वाक्य, या तोंडून, या माणसाला किती पटेल. विश्वास मोजता येतो, हा खरा शोध होता. त्यामुळे गावाला एक निरोप जायचाच नाही. प्रत्येकाला त्याचा-त्याचा वेगळा, त्याच्या कानाच्या मापाचा निरोप जायचा.

बेटावर कॉलरा आला होता आणि लस घ्यायला कुणी तयार नव्हतं. परदेशी औषधानं बायका वांझ होतात, अशी आवई उठलेली. सफिया खतीब फराजींकडे गेली. खतीब म्हणजे जुम्याला, शुक्रवारी, मशिदीत प्रवचन देणारे. ऐंशीच्या घरातला, ताठ कण्याचा, भयंकर हट्टी म्हातारा. कुणाच्या आजोबांनी कुठलं झाड तोडलं ते त्यांना पाठ, आणि त्यांचा शब्द खाली पडलाय असं बेटावर कधी घडलं नव्हतं.

“लस चांगली आहे?” त्यांनी विचारलं.

“बाबा, मी माझ्या अब्बांना दिली आहे.” बेटावर थोरांना बाबाच म्हणतात, सफियालाही तो शब्द आपला वाटायचा. चार वर्षांत तिला तिथली बोली चांगली यायला लागली होती.

“मग घे आवाज.”

दोन दुपारी ते अंगणातल्या चटईवर बसून बोलत राहिले. माईक धरायला त्यांची मुलगी रेहेमा होती. दवाखान्यात परिचारिका, सफियाची मैत्रीण, आणि जिभेची मोठी तिखट. “सफिया, बाबांचं सगळं घे हं भरून,” ती म्हणाली. “फक्त एक शब्द मिळायचा नाही तुला. ‘चुकलो.’ आई बिचारी वाट बघत गेली. निदान माझ्या कानावर तरी पडू दे एकदा.”

“चुकलो असतो तर म्हणालो असतो,” म्हातारा गुरगुरला. रेहेमा हसून हसून बेजार झाली.

लस सगळ्यांनी घेतली. कॉलरा आटोक्यात आला. बायका सफियाच्या दारात नारळ ठेवून जायला लागल्या, आणि तिला, खरं सांगायचं तर, आभाळ ठेंगणं झालं. हेच तर करायला आलो होतो आपण, असं तिला वाटलं.

मग तो जुमा आला. पूर्वेच्या किनाऱ्यावर सागरमैत्रीला मोठी जेटी बांधायची होती, आणि वाटेत जुनं कब्रस्तान होतं. खतीब प्रवचनाला उभे राहिले आणि म्हणाले, “कबरींना कुणी हात लावायचा नाही.”

पुढच्या रांगेतला एक कोळी उठला. “पण बाबा, परवा फोनवर तर तुम्हीच म्हणालात, जेटी होऊ दे. मी अंगठा देऊन आलो.”

“मी म्हणालो?”

“मला तर म्हणालात, आजोबांच्या कबरीवर तुम्ही स्वतः फातिहा पढाल आणि मग हलवाल,” दुसरा म्हणाला. बघता बघता सगळी मशीद बोलायला लागली. ज्याला-त्याला बाबांनी काही-ना-काही सांगितलं होतं. पडद्यापलीकडे बायकांत बसलेल्या सफियाच्या पायाखालची जमीन सरकली.

तिनं टिपणीसांना फोन लावला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “विकासकामासाठी आवाज दिलाय ना त्यांनी? मग जेटी म्हणजे विकास नाही तर काय?”

त्यांचं तेवढ्यावर भागलं नाही. अर्धं गाव अडून बसलं, तेव्हा एका सकाळी सगळ्यांच्या फोनवर खतिबांचा घाबरा आवाज आला, की वादळ येतंय, मुलाबाळांना घेऊन दीपस्तंभाच्या टेकडीवर चला. सगळं गाव पळालं. वादळ आलंच नाही. लोक खाली उतरले तेव्हा बुलडोझर निम्मं कब्रस्तान साफ करून गेला होता. त्यात रेहेमाच्या आईची कबर होती.

रेहेमानं मशिदीच्या पायरीवर, सगळ्यांदेखत बापाला विचारलं, “आवाज दिला होता की नाही?”

“दवेसाठी दिला होता. नेक कामासाठी.”

“एवढंच म्हणा, बाबा, की चुकलं. मला दुसरं काही नको.”

“नेक काम केलं त्यात चूक कसली?”

“मग तुमची कबर तुम्हीच खणा,” ती म्हणाली आणि निघून गेली. त्या दिवसापासून तिनं बापाशी बोलणं टाकलं. सफियाशीही. रस्त्यात समोर आली तर बाजू बदलायची. सफियानं राजीनामा लिहिला, पण पुढची लस कोण देणार म्हणून तो पाठवला नाही. असं ती स्वतःला सांगायची, आणि रोज थोडी-थोडी लाजायची. खतिबांचं तर याहून वाईट झालं. ते समोर उभे राहून बोलले तरी लोक म्हणायचे, विकला गेलेला म्हातारा. जुम्याला मशीद अर्धीही भरेना.

आणि वर्षभरानं खरंच वादळ आलं.

सकाळी उपग्रहाची चित्रं बघताना सफियाच्या तोंडचं पाणी पळालं. संध्याकाळच्या भरतीला समुद्र घरांच्या छपरांवरून जाणार होता. किनाऱ्याची वस्ती सगळी सखल, वाचायला एकच जागा, ती टेकडी. सफिया धावत कब्रस्तानाकडे गेली. उरलेल्या कबरींभोवती पुरुष कोयते घेऊन बसलेच होते. वादळाची कुणकुण लागताच त्यांनी पहारा बसवला होता, आणि बायका-मुलांना घराबाहेर पडू नका म्हणून बजावलं होतं.

“पुन्हा तेच का, डॉक्टर?” एक म्हातारा कोळी म्हणाला. “आम्ही वर जायचं आणि तुम्ही उरलेले बापजादे उकरायचे?”

“अहो, हे बघा ना!” तिनं चित्रं पुढे केली.

“चित्रंही तुमचीच.”

खतीब स्वतः आले. काठी टेकत, धापा टाकत, प्रत्येकाला नावानं हाक मारत त्यांनी विनवलं. आयुष्यात कुणापुढे हात न जोडलेल्या माणसानं हात जोडले. लोकांनी तोंडं फिरवली. “या खेपेला किती मिळाले?” कुणीतरी मागून ओरडलं. सफियानं खतिबांना धरून घरी आणलं.

तेवढ्यात टिपणीसांचा फोन आला. “डॉक्टर, एक मार्ग आहे. ‘साद’नंच काढलाय. खतिबांच्या आवाजात सगळ्यांना कळवा की वादळ येणार नाही. घरीच थांबा.”

“तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?”

“नीट ऐका. हा आवाज खोटं बोलतो, अशी लोकांची खात्री आहे. तो म्हणाला चला, तर ते थांबणार. तो म्हणाला थांबा, तर ते पळणार. खरं सांगितलं तर शंभरात दहा हलतील, खोटं सांगितलं तर नव्वदच्या वर. मला आवडतंय असं समजू नका. दुसरं काही असेल तर सांगा.”

तिच्यापाशी दुसरं काही नव्हतं. बोटी बोलवायला वेळ नव्हता, पोलीस मुख्य भूमीवर होते. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्या आगीतही तिला कळत होतं, की हिशेब बरोबर आहे.

तिनं खतिबांना सगळं सांगितलं. लपवायचं तरी काय होतं? ते चटईवर बसून ऐकत राहिले.

“म्हणजे माझ्यावर जितका अविश्वास, तितके जीव वाचायचे.”

“हो, बाबा.”

“आणि जे अजून विश्वास ठेवतात ते?”

“ते घरीच थांबतील. म्हणून त्यांच्याकडे आपण जायचं. तुम्ही समोर जाऊन सांगितलंत तर ते ऐकतील. यंत्र त्यांची घरं दाखवतं.”

तिनं पडदा पुढे धरला. वस्तीभर लाल ठिपके, अधूनमधून एखादा हिरवा. म्हातारा डोळे बारीक करून हिरवे शोधत राहिला.

“एवढेच?” तो म्हणाला. पन्नास वर्षं ज्या गावाच्या जन्म-मरणाला तो उभा राहिला, त्या गावानं त्याच्या वाट्याला मूठभर ठिपके ठेवले होते. सफियाला वाटलं, पडदा ओढून घ्यावा. मग त्याचं बोट कालव्याकाठच्या एका घरावर थांबलं. तो ठिपका लालभडक होता, सगळ्या वस्तीत सर्वांत गडद.

“रेहेमा,” तो म्हणाला. “बरोबर आहे. माझा आवाज आला की दार लावून घेते ती.” त्यानं पडदा तिच्याकडे सारला. “लाव तुझं यंत्र. बोलव माझ्या तोंडून खोटं. वर जाब द्यायचा तो मी देईन, तू लेकरू आहेस.”

प्रत्येकाला वेगळा निरोप होता, शेकडो निरोप. ‘साद’ आज उलट्या मापानं शिवत होतं. ज्याला जे सर्वांत खोटं वाटेल, ते त्याला ऐकवायचं. एकेक वाचायला सवड कुणाला होती? सफियानं बिस्मिल्ला म्हटलं, आणि म्हटल्याची तिला शरम वाटली. तिनं बटण दाबलं.

अहो, काय लागू पडलं ते! घटकाभरात वस्ती उसळली. “म्हातारा म्हणतोय थांबा! म्हणजे बुडालोच!” अशा आरोळ्या उठल्या. कब्रस्तानातले पुरुष कोयते टाकून घरांकडे धावले. गाद्या, कोंबड्या, पोरं, आजारी माणसं, जे हाताला येईल ते घेऊन लोक टेकडी चढायला लागले. खतीब सफियाच्या जीपमध्ये शेजारी बसले होते. त्यांना बघून लोक थुंकत होते. एका बाईनं मासळीची टोपली त्यांच्या अंगावर रिकामी केली. “मारायला निघाला होतास आम्हाला!” ती किंचाळली.

म्हाताऱ्यानं दाढीतले खवले झटकले. “चालताहेत ना?” तो म्हणाला. “शिव्या देत का होईना, चालताहेत ना? बस्स.”

हिरव्या ठिपक्यांची घरं त्यांनी एकेक करून गाठली. काथ्या वळणारा आंधळा इद्रिस दारात बसला होता. “तुम्ही म्हणालात थांब, म्हणून थांबलो. आता चल म्हणता, तर चला,” इतकंच बोलून त्यानं हात पुढे केला. एक विधवा होती, दोन म्हाताऱ्या बहिणी होत्या, एक अपंग मुलगा आणि त्याची आई होती. कुणी एक प्रश्न विचारला नाही. जीप भरून टेकडीवर जायची आणि रिकामी होऊन खाली यायची.

शेवटच्या खेपेला कालव्याचं पाणी रस्त्यावर आलं होतं. रेहेमाची गल्ली लागली. आत टोकाच्या झापांच्या घरावरून धूर निघत होता, वारा त्याला आडवा पाडत होता. सफियानं वेग कमी केला.

“बाबा, बघून येऊ?”

तो त्या धुराकडे बघत राहिला. सफियाला वाटलं, हो म्हणेल.

“थांबवू नकोस,” तो म्हणाला. “लाल आहे ना ती? सगळ्यांच्या आधी वर पोचली असेल. चूल तशीच टाकून गेली, आईची सवय. मला दारात बघितलं तर उलट्या पावली परत फिरेल. त्या दोघी बहिणींचा भाऊ राहिलाय, आधी तिकडे चल.”

सफियालाही ते पटलं. यंत्र कालपर्यंत चुकलं नव्हतं. तिनं गिअर टाकला.

समुद्र अंधार पडायच्या आत आला. टेकडीवरून दिसत काही नव्हतं, नुसता आवाज ऐकू येत होता, आणि त्या आवाजात दीपस्तंभाच्या भिंतीला टेकून माणसं देवाचं नाव घेत होती. सकाळी खाली बघितलं तर वस्ती नव्हती. जेटी नव्हती, आणि कब्रस्तानही नव्हतं.

टिपणीसांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता. जवळजवळ सगळी वस्ती वाचली होती. “डॉक्टर, इतिहास घडवलात. दोन देशांनी आत्ताच विचारणा केलीय या उलट्या पद्धतीची. त्या दुसऱ्या लोकांना म्हणावं, बांधा आता संगमरवरी...” सफियानं फोन बंद केला. ती सकाळपासून माणसांच्या घोळक्यांतून फिरत होती, एकाच चेहऱ्यासाठी.

शेवटी हलीमा भेटली, रेहेमाची शेजारीण. तिनं सफियाला बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

“ओढलं गं तिला आम्ही,” ती म्हणाली. “हाताला धरून ओढलं. फोन छातीशी धरून बसली होती, रडत होती आणि हसत होती. म्हणे, बाबा बोलले माझ्याशी. अगं बये, यंत्र आहे ते, म्हटलं, आम्हालाही आलंय तसलं. तर म्हणते, तुम्हाला आलं ते यंत्र. माझं नाही. यंत्र हे बोलूच शकत नाही.”

खतीब मागे उभे होते. ते कधी आले ते सफियाला कळलं नाही. गावातलं कुणी अजून त्यांच्याशी बोलत नव्हतं, त्यांच्याभोवती तेवढी जागा मोकळी होती.

“मी तिला काय म्हणालो?” त्यांनी विचारलं.

“बाबा, बसा आधी.”

“पोरी, मी माझ्या मुलीला काय म्हणालो?”

सफियानं पडदा उघडला. रेहेमाचं नाव शोधलं. आणि निरोप बघताक्षणी तिला सगळं समजलं. रेहेमाला शंभर टक्के खोटं वाटावं, म्हणून ‘साद’नं शोधून-शोधून ते वाक्य काढलं होतं, जे तिचे बाबा जन्मात बोलणार नाहीत. तो आवाज ऐकून ती फोन फेकेल आणि टेकडीकडे पळेल, असा त्याचा हिशेब होता. ते वाक्य ऐकायला ती लहानपणापासून बसून आहे, हे त्याच्या कुठल्याच मापात नव्हतं. सफियाला ते माहीत होतं. तिच्यासमोर तर रेहेमा बोलली होती. फक्त वाचलं असतं, एवढं एक वाचलं असतं!

तिनं वाचून दाखवलं. “रेहेमा, मी चुकलो. त्या दिवशी पायरीवर मी हे म्हणायला हवं होतं. तुझ्या आईचा मी गुन्हेगार आहे. वादळ येणार नाही, बाळ. घर सोडू नकोस. भात टाक, मी जेवायला येतो.”

म्हातारा मटकन खाली बसला. हलीमा हुंदके देत होती.

“पुन्हा वाच,” तो म्हणाला. “पहिलं.”

“मी चुकलो.”

“हे तर खरं होतं,” तो म्हणाला. “एक वर्ष तोंडाशी येत होतं.” त्यानं खाली, जिथे कालवा होता तिकडे बघितलं. तिथे नुसतं तपकिरी पाणी होतं. “तो धूर भाताचा होता.”

सफियानं पडदा बंद केला.

“गाडी थांबवू नकोस, असं मीच म्हणालो ना? यंत्र नाही. मीच?”

“हो, बाबा,” ती म्हणाली. “तुम्हीच.”